‘अट पूर्ण करण्यासाठी’: चिकानेक्स कला शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

आमच्या कॉलेजच्या नियोजन-फॉर्मवर ‘विषय निवडण्याचं कारण’ असा एक रकाना आहे. रुंदी जेमतेम दीड इंच. बहुतेक मुलं त्यात एकच शब्द लिहितात: अट. तिनेही तोच लिहिला होता. पुढची पाच पानं त्या एका शब्दाबद्दल आहेत.

मी कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातल्या एका कम्युनिटी कॉलेजात समुपदेशक आहे. नावावरून वाटतं तसं मनाचे गुंते सोडवायचं हे काम नाही. अर्ध्या तासाच्या भेटीत विद्यार्थ्याची पुढची चार सेमिस्टरं कागदावर बसवून द्यायची, एवढंच. ज्या विद्यार्थिनीबद्दल लिहिते आहे तिचं आणि कॉलेजचं नाव गाळलं आहे, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मजकूर मी तिला इंग्रजीत सांगून दाखवला. दोन ठिकाणी तिने मला दुरुस्त केलं, एका ठिकाणी हसली.

पहिली भेट

वय 19. नर्सिंगला जायचं ठरलेलं. इथे दोन वर्षं करून मग राज्याच्या विद्यापीठात बदली, हा शेकडो मुलांचा मळलेला रस्ता. त्या रस्त्यावर 2020 पासून एक नवा नाका आला आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की कॅल स्टेट, म्हणजे याच राज्य विद्यापीठाची पदवी हवी असेल तर ‘एथ्निक स्टडीज’चा (वांशिक समूहांच्या अभ्यासाचा) तीन युनिटांचा एक तरी विषय घ्यावाच लागेल. 2024-25 पासून पदवी घेणाऱ्यांना तो लागू झाला. मूळ अमेरिकन, आफ्रिकन अमेरिकन, आशियाई अमेरिकन आणि लॅटिना-लॅटिनो अशा चार समूहांपैकी एकावर तो विषय हवा. नुसता त्यांच्याबद्दलचा असूनही भागत नाही, त्याला एथ्निक स्टडीजचा विषयसंकेत लागतो. कलेच्या इतिहासाचा वर्ग असेल तर तो दोन्ही विभागांत नोंदलेला असावा लागतो. आमच्याकडचा ‘चिकानेक्स आणि लॅटिनेक्स कला’ (अमेरिकेतल्या मेक्सिकन आणि इतर लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांची कला) तसा नोंदलेला आहे, त्यामुळे अट सुटते.

पण अट सुटण्याचे आणखी तीन मार्ग होते आणि मी तिला त्यातला सर्वांत सोपा सुचवला: प्राथमिक ओळखीचा ऑनलाइन वर्ग. घरी बसून करायचा, वेळेचं बंधन नाही. ती शनिवार-रविवार औषधांच्या दुकानात काम करायची, तिला तो सोयीचा पडला असता.

“नको मिस. मला हाच हवाय.”

“का?”

“वेळ जमते.”

जमत नव्हती. मंगळवार-गुरुवार दुपारचा तो वर्ग रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेवर येत होता. मी पडदा तिच्याकडे वळवून दाखवलं. तिने क्षणभर बघितलं आणि म्हणाली, रसायनशास्त्र उन्हाळ्यात करते.

हे मी तेव्हाच टिपून ठेवायला हवं होतं. आमच्याकडे उन्हाळी रसायनशास्त्र म्हणजे सोळा आठवड्यांचा विषय आठ आठवड्यांत, बाहेर चाळीस अंशांच्या वर ऊन. नुसत्या अटीपायी हे कोणी ओढवून घेत नाही. पण बाहेर पुढचा विद्यार्थी थांबला होता आणि मी ‘अट’ हा शब्द तसाच राहू दिला.

निघता निघता मी सवयीने विचारलं, घरी काय करतात? वडील मेक्सिकोतल्या मिचोआकानहून आलेले, आई इथलीच. दोघं शेतात. “सध्या मनुक्यांचा हंगाम आहे,” ती म्हणाली आणि मी घड्याळाकडे बघायचं विसरले.

कारण मी तासगावकडची. थॉम्प्सन सीडलेस हे द्राक्षाचं नाव मी इंग्रजी शिकण्याआधीपासून ऐकते आहे. आमच्याकडची तास-ए-गणेश ही जात त्याच थॉम्प्सनमधून निवडलेली. आम्ही घड डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडच्या जाळ्यांवर सावलीत वाळवतो, म्हणून बेदाणा हिरवट-पिवळा राहतो. इथे ऑगस्टअखेरीस घड कापून दोन ओळींच्या मधे जमिनीवरच कागद अंथरतात, त्यावर पसरतात आणि दोन-तीन आठवडे उन्हात सोडून देतात. मनुका काळपट-तपकिरी होतो. मजुरी बहुतेकदा कागदांवर मोजतात. एका कागदावर नऊ-दहा किलो द्राक्षं. तिच्या वडिलांच्या कागदांचा हिशोब लहानपणी तीच वहीत लिहायची. पाऊस आला तर काय होतं, हे आम्ही दोघींनी एकमेकींना सांगायची गरज नव्हती.

पुढे ती माझ्याकडे परत परत आली ती बहुधा या दहा मिनिटांमुळे.

घरी सांगितलेलं कारण

घरी तिने वेगळंच सांगितलं होतं: हा सोपा विषय आहे, चांगला ग्रेड मिळतो, नर्सिंगच्या प्रवेशाला सरासरी वाढते. वडिलांनी ‘कला’ ऐकल्यावर विचारलं होतं, “ई एसो पारा के?” आणि ते कशाला? हा प्रश्न मला तासगावच्या कुठल्याही ओसरीवर ऐकू आला असता, त्यामुळे मी त्यांना दोष देत नाही. पोरीला शेतातून बाहेर काढायला ज्याने वीस हंगाम कागद अंथरले, त्याला चित्रांच्या वर्गाचा हिशोब मागायचा हक्क आहे.

गंमत म्हणजे सोपं असल्याचं कारणही पूर्ण खोटं नव्हतं. आपल्याला हे सगळं माहीतच आहे, असं तिला खरोखर वाटत होतं. घरात ग्वादालूपेच्या मातेची, म्हणजे मेक्सिकोतल्या मेरीमातेची तसबीर आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती आजीबरोबर घरातल्या वारलेल्या माणसांसाठी ऑफ्रेंदा मांडते: झेंडू, मेणबत्त्या, फोटो, माणसाला आवडायचं ते खाणं. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, हे तिने मला ऐकवलं तेव्हा दसऱ्याच्या तोरणाबद्दल माझ्या मनात जरा खळबळ झाली.

पहिल्या निबंधाला तिला ‘सी’ मिळाला.

विषय होता योलांडा लोपेझ यांची 1978 ची चित्रत्रयी. सान डिएगोच्या या चित्रकर्तीने ग्वादालूपेच्या मातेच्या प्रभावळीत स्वतःला, आपल्या आईला आणि आजीला आणलं. स्वतः ती पळण्याचे बूट घालून, एका हातात साप धरून चौकटीबाहेर धावते आहे. आई शिवणयंत्रावर बसून मातेचा तो ताऱ्यांचा शेला शिवते आहे. आजी शांत बसली आहे, हातात सुरी आणि सोललेल्या सापाची कात. माझ्या विद्यार्थिनीने आईच्या चित्रावर लिहिलं होतं: हे चित्र कष्टकरी आईबद्दल आदर व्यक्त करतं, मला माझी आई आठवली. दीड पान. प्राध्यापक बाईंनी समासात तीनच प्रश्न लिहिले: ती काय शिवते आहे? कोणासाठी? मूळ प्रतिमेत मातेला काम असतं का?

ती चिडून माझ्याकडे आली. “मला माझ्याच गोष्टीत सी कसा मिळू शकतो?”

तेव्हा मी तिची समजूत घातली. आज मला वाटतं, त्या सेमिस्टरमधली सर्वांत उपयोगाची गोष्ट तो ‘सी’ होता. शिवणयंत्रावरची बाई ओळखीची वाटल्यामुळे तिने चित्राकडे बघितलंच नव्हतं. मातेचा शेला स्वर्गातून येत नाही, कारखान्यात पाठ मोडेपर्यंत शिवणाऱ्या कुणा बाईच्या हातून येतो, हे चित्रात सरळ समोर होतं. आपल्या माणसांबद्दलचा विषय आपल्याला आपोआप येतो, हा समज आमच्याकडे विद्यार्थ्यांइतकाच सल्लागारांमध्येही आहे. मी याच समजापोटी कित्येक मुलांना असे वर्ग ‘सोपे जातील’ म्हणून सुचवले आहेत.

नावातला एक्स

वर्गाच्या नावावर तिचं घर अडखळलं, म्हणून थोडं त्याबद्दल. चिकानो हा शब्द एके काळी मेक्सिकन वंशाच्या गरीब माणसाला हिणवायला वापरत. 1960 च्या दशकात तरुणांनी तो उचलून छातीवर लावला. मार्च 1968 मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधल्या हायस्कूलच्या हजारो मुलांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, तो याच नावाने. आपल्याकडे ‘दलित’ शब्दाचं जे झालं ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रवास समजावून सांगायला नको. लॅटिनोचा पसारा त्याहून मोठा: पोर्तो रिको, क्युबा, डोमिनिकन प्रजासत्ताक, मध्य अमेरिका, सगळ्यांची इथली लेकरं त्यात येतात. शेवटचा ‘एक्स’ स्पॅनिशमधला स्त्री-पुरुष भेद टाळण्यासाठी. आपल्या भाषेत नपुंसकलिंग तरी आहे, स्पॅनिशला ती सोय नाही. हा एक्स विद्यापीठांत रुळला, घरांत नाही. प्यू संशोधन केंद्राच्या 2020 च्या पाहणीत स्वतःसाठी लॅटिनेक्स शब्द वापरणारे जेमतेम 3 टक्के निघाले. तिच्या आजीला तो उच्चारताही येत नाही. आजी स्वतःला मेहिकाना म्हणवते आणि विषय संपवते.

नववा आठवडा

आता खरं कारण.

नवव्या आठवड्यात वर्ग सोडण्याची शेवटची तारीख जवळ आली. तिचा ग्रेड आता ‘बी’च्या काठावर होता. मी नियमाप्रमाणे तिला बोलावलं आणि म्हणाले, सोडायचा असेल तर आत्ताच सोड, ऑनलाइन वर्गाची उशिरा सुरू होणारी तुकडी अजून उघडी आहे. सरासरीचा विचार कर.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने शाळेच्या सहलीची गोष्ट सांगितली. आठवीत असताना त्यांना बसने एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात नेलं होतं. दालनामागून दालन: युरोप, अमेरिका, आधुनिक. तिने मार्गदर्शक बाईंना विचारलं, आमचं कुठे आहे? बाई चांगल्या होत्या, हसून म्हणाल्या, खालच्या मजल्यावर. खाली काचेच्या कपाटांत मातीची भांडी होती. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची.

“मी ती भांडी बघत उभी होते मिस, आणि मनात म्हणत होते, बरं, आणि मग?”

मी लगेच समुपदेशकाची टोपी चढवली. म्हणाले, म्हणजे तुला तुझी ओळख शोधायची होती. तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

“मी कोण ते मला माहितीये. मला कळून घ्यायचं होतं, त्यांना का माहीत नाही.”

या एका वाक्यासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं. आमच्या खात्यात, चर्चासत्रांत, अहवालांत अशा वर्गांचं समर्थन जवळजवळ नेहमी एकाच सुरात होतं: मुलांना स्वतःला बघता येतं, अभिमान वाटतो, मुळं सापडतात. आरसा, आरसा आणि आरसा. ही मुलगी आरसा मागायला आली नव्हती. तिला हिशोबवही हवी होती. मधली हजार वर्षं कोणी, कशी आणि कशामुळे गाळली, हा तिचा प्रश्न होता. वर्ग त्याचं उत्तर देत होता, म्हणून ‘बी’ पडो की ‘सी’, ती तो सोडणार नव्हती.

उत्तराचे तुकडे तिने मला त्या दिवशी पाठोपाठ सांगितले. 1972 मध्ये चिकानो कलाकार हॅरी गाम्बोआ यांनी लॉस एंजेलिस काउंटी कला संग्रहालयातल्या एका अभिरक्षकाला विचारलं, इथे चिकानो कला का नाही? गाम्बोआ सांगतात त्याप्रमाणे उत्तर असं होतं, की चिकानो ललित कला करत नाहीत, लोककला करतात नाहीतर टोळ्यांत असतात. त्या रात्री ‘आस्को’ गटाच्या गाम्बोआ, ग्रॉन्क आणि विली हेरॉन यांनी संग्रहालयाच्या प्रवेशाजवळ स्प्रेने आपली नावं लिहिली. दुसऱ्या दिवशी त्या नावांवर उभ्या असलेल्या पात्सी वाल्देस यांचा गाम्बोआंनी फोटो काढला. रंग लगेच पुसला गेला, फोटो राहिला. आस्को म्हणजे स्पॅनिशमध्ये किळस, शिसारी. दोन वर्षांनी, 1974 ला, त्याच संग्रहालयात ‘लॉस फोर’ या चार चिकानो चित्रकारांचं प्रदर्शन भरलं. आणि आस्कोचं स्वतःचं मोठं प्रदर्शन तिथे लागलं 2011 मध्ये. एकोणचाळीस वर्षं. “म्हणजे मी जन्मले तेव्हासुद्धा लागलं नव्हतं,” ती म्हणाली.

दुसरा तुकडा माध्यमाचा. ही कला बरीचशी भिंतीवर आणि कागदावर झाली. भिंत संग्रहालयात नेता येत नाही आणि मोर्चाचा पोस्टर मोर्चानंतर पावसात भिजतो. मेक्सिकोचे चित्रकार सिकेरोस यांनी 1932 मध्ये लॉस एंजेलिसच्या ओल्वेरा रस्त्यावर भित्तिचित्र काढलं. मधोमध क्रुसावर बांधलेला मूळनिवासी, वर अमेरिकेचा गरुड. काही वर्षांत त्यावर पांढरा रंग मारून टाकला. ते लोकांना पुन्हा बघायला मिळालं 2012 मध्ये. चित्रकार ज्युडी बाका यांनी 1970 च्या दशकात सान फर्नांडो खोऱ्यातल्या पूर-कालव्याच्या भिंतीवर चारशेहून अधिक पोरांना हाताशी धरून कॅलिफोर्नियाचा इतिहास रंगवायला घेतला. ‘ग्रेट वॉल’ नावाचं ते भित्तिचित्र आज 2,754 फूट लांब आहे, म्हणजे आठशे मीटरहून जास्त. त्यातली बरीच पोरं बालगुन्हेगारीच्या खटल्यांतून आलेली. सान डिएगोत 22 एप्रिल 1970 ला बारिओ लोगान वस्तीतल्या लोकांनी कोरोनाडो पुलाखालची जागा अडवली, कारण बागेचं आश्वासन दिलेल्या ठिकाणी महामार्ग पोलिसांची चौकी उभी राहू लागली होती. पुलाचे खांब पुढे रंगवले गेले आणि चिकानो पार्क आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

“बघा ना,” ती म्हणाली, “ते काही हरवलेलं नव्हतं. बाहेर होतं. ते आत बघत होते.”

मग ती पिशवीतून एक छापील प्रत काढते आणि माझ्या टेबलावर ठेवते. एस्तेर हर्नांडेझ, 1982. मनुक्यांच्या त्या जगप्रसिद्ध लाल खोक्यावरची टोपडं घातलेली मुलगी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. इथे टोपडं तेच, द्राक्षांची टोपली तीच, मागे सूर्य तोच, फक्त मुलीच्या जागी सांगाडा. नाव ‘सन मॅड’, खोक्यावरच्या ‘सन-मेड’ नावावरची कोटी. खाली कीटकनाशकं, कोळीनाशकं, तणनाशकं, बुरशीनाशकं अशी यादी. हर्नांडेझ दिनुबाच्या, शेतमजुरांच्या घरातल्या. गावच्या पाण्यात शेतीची विषं उतरल्याचं कळल्यावर त्यांनी हे स्क्रीनप्रिंट केलं. ते आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन कला संग्रहालयात आहे. दिनुबा तिच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर.

मी ते चित्र बघत राहिले. आमच्या घरी फवारणी झाल्यावर आजोबा अंगणात आंघोळ करायचे, तो वास मला आला. तिला काही बोलले नाही. भेटीची वेळ संपून वीस मिनिटं झाली होती.

समुपदेशकाच्या चुका

दोन. पहिली, रसायनशास्त्र उन्हाळ्यात ढकलायला ती तयार झाली तेव्हा मी थांबले नाही. विद्यार्थी कारण काय सांगतो यापेक्षा त्यासाठी किंमत काय मोजतो, हे जास्त बोलकं असतं, आणि किंमत माझ्या पडद्यावर दिसत होती. दुसरी चूक जास्त मोठी: नवव्या आठवड्यात खरं कारण ऐकल्यावरही मी ते ताबडतोब माझ्या ओळखीच्या खणात टाकलं. तिने ते तिथून बाहेर काढलं नसतं तर हे प्रकरण मी ‘अस्मितेचा शोध’ या मथळ्याखाली लिहिलं असतं आणि सहकाऱ्यांनी माना डोलावल्या असत्या.

एक सहकारी म्हणाला, कायद्याने सक्ती नसती तर ती या वर्गाकडे फिरकलीच नसती, म्हणजे ‘अट’ हेच खरं कारण. त्यात तथ्य आहे. वर्ग कॉलेजात आधीपासून होता, पण कायदा येईपर्यंत त्याची एकच तुकडी वर्षाआड भरायची. नर्सिंगवाल्या मुलीच्या वेळापत्रकात चित्रांना जागा या अटीनेच करून दिली. आणि घरी ‘घ्यावाच लागतो’ असं सांगता येणं ही तिच्यासाठी केवढी सोय होती! सक्तीच्या आडोशाने तिला हवं ते करता आलं. फक्त अटीने दार उघडलं म्हणून आत कशाला शिरली हे कळत नाही. चारही दारं तीच अट पूर्ण करत होती.

पुढे

अंतिम प्रकल्पात निबंध किंवा कलाकृती, काहीही चाललं असतं. तिने मनुके वाळवायचे दोन जुने कागद घरून आणले, साखरेचे डाग पडलेले, आणि त्यांवर लहानपणच्या वहीतले वडिलांचे हिशोब स्क्रीनप्रिंटने छापले: तारीख, ओळ, कागद, पैसे. शेजारी संग्रहालयात असते तशी पाटी. पाटीवर साहित्य, वर्ष, मापं, आणि कलाकार म्हणून वडिलांचं नाव. ग्रेड ‘ए’. एकूण सेमिस्टरचा ‘बी’च.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी वडील आले होते, कामावरून थेट, टोपी हातात. मी थोडी लांब उभी होते. त्यांनी पाटी वाचली नाही, किंवा वाचल्याचं दाखवलं नाही. कागदाच्या कडेशी वाकून बराच वेळ बघितलं आणि तिला स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाले. ती हसायला लागली. नंतर तिने सांगितलं: वाळल्यावर कागदाची गुंडाळी करताना टोकं आत दुमडतात, तशी तू दुमडलीच नाहीस, सगळे मनुके सांडले असते.

उन्हाळ्यात रसायनशास्त्र निघालं. पुढच्या सेमिस्टरला तिला स्क्रीनप्रिंटचा वर्ग हवा होता, पण तो सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेवर येतो, आणि ती प्रयोगशाळा नर्सिंगसाठी टाळता येत नाही. स्क्रीनप्रिंटचा वर्ग कुठलीच अट पूर्ण करत नाही. मी तिचं नाव प्रतीक्षा यादीत घातलं आहे, संध्याकाळची तुकडी निघाली तर. फॉर्मवरचा कारणाचा रकाना आम्ही दोघींनी कोरा सोडला.